रणगाड्यासमोरचा माणूस

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, नाणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. गेल्या शतकाने त्यांत छायाचित्राची भर घातली. कागद अस्सल की बनावट, हे तपासण्याची शिस्त आपण इतिहास-संशोधकांकडून शिकलो. छायाचित्रापुढे मात्र आपण चटकन मान तुकवितो. ते किती सांगते आणि किती सांगत नाही, हे एका उदाहरणावरून पाहू.

५ जून १९८९. बीजिंगमधील चांगआन हमरस्ता. पांढरा सदरा घातलेला, हातात पिशव्या असलेला एक माणूस रणगाड्यांच्या रांगेपुढे उभा ठाकला. जवळच्या हॉटेलाच्या सज्जांतून परदेशी छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. जेफ वाइडनर हे त्यांपैकी एक. दुसरे चार्ली कोल. त्यांनी फिल्मचे रीळ शौचकूपाच्या पाण्याच्या टाकीत दडविले, म्हणूनच ते झडतीतून वाचले.

२००६ साली अँटनी टॉमस यांनी या चित्रावर ‘द टँक मॅन’ हा अनुबोधपट काढला. चित्राच्या चौकटीबाहेर काय होते, हे तो दाखवितो. ३ जूनच्या रात्री गोळीबाराला मोठ्या प्रमाणावर बळी पडले ते चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवरचे सामान्य नागरिक आणि कामगार. चौकातील विद्यार्थ्यांचीच आठवण ठेवणारे जग त्यांना बव्हंशी विसरले. चलच्चित्रात आणखी एक गोष्ट दिसते. पुढचा रणगाडा बाजूने जाऊ पाहतो, माणूसही तिकडे सरकतो. मग तो रणगाड्यावर चढून आतल्यांशी बोलतो. शेवटी काही लोक त्याला बाजूला ओढून नेतात. म्हणजे त्या दिवशी निर्णय घेणारे दोघे होते : एक वाट अडविणारा आणि दुसरा त्याला न चिरडणारा चालक. दोघांचीही नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

परंतु या पटातील सर्वांत विदारक प्रसंग निराळाच आहे. ज्या बीजिंग विद्यापीठातून १९८९ चे अनेक आंदोलक आले, तेथीलच चार विद्यार्थ्यांपुढे टॉमस यांनी हे चित्र ठेवले. त्यांना ते ओळखता येईना. हे संचलन असावे, अशीही शंका निघाली. एकाने मात्र शेजाऱ्याच्या कानात ‘एकोणनव्वद’ असे पुटपुटल्याचे ऐकू येते.

हे अज्ञान म्हणावे की सावधगिरी? आमच्या मते या दोहोंत फरक करता न येणे, हेच त्या राजवटीचे खरे यश. जे चित्र साऱ्या जगाला तोंडपाठ, ते जिथे घडले तिथेच मुके झाले. यावरून एवढे निश्चित होते की, छायाचित्राचे सामर्थ्य केवळ कागदावर उमटलेल्या छायाप्रकाशात नसते. बखरीला जसा वाचणारा लागतो, तसा चित्राला, हे काय आहे ते मोकळेपणाने सांगणारा वडीलधारा लागतो. त्याचे तोंड बंद केले की चित्र फाडण्याचीही गरज उरत नाही.