राजसत्तेवांचून जगलेली भाषा

भाषेचें भवितव्य राजसत्तेशीं जखडलेलें असतें, ही समजूत फार जुनी आहे. राज्य गेलें कीं दरबारची भाषा जाते, दरबारची भाषा गेली कीं शिष्टांची जीभ वळते, आणि दोन-तीन पिढ्यांत सामान्य लोकही शिष्टांचाच मार्ग धरतात, असा क्रम इतिहासांत अनेक ठिकाणीं दिसतो. परंतु हा क्रम अटळ आहे काय? या प्रश्नाचा विचार करणारास कॅनडांतील क्वेबेक प्रांताच्या फ्रेंच भाषेसारखें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल. फ्रेंच म्हटली कीं आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें पॅरिस उभें राहतें. प्रस्तुत हकीकत मात्र पॅरिसनें जिची आशा सोडली होती त्या फ्रेंचची आहे.

शांप्लँ या धाडसी पुरुषानें 1608 सालीं सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं क्वेबेकची स्थापना केली. वसाहतींत पुरुष पुष्कळ आणि स्त्रिया थोड्या, म्हणून ती वाढेना. तेव्हां 1663 ते 1673 या दहा वर्षांत चौदाव्या लुईच्या सरकारनें सुमारें 800 उपवर मुली आपल्या खर्चानें तिकडे पाठविल्या. ‘राजाच्या मुली’ या नांवानेंच त्या इतिहासांत ओळखल्या जातात. निरनिराळ्या प्रांतांतून, निरनिराळ्या बोली घेऊन आलेल्या या लोकांच्या संसारांत फ्रेंच हीच समाईक भाषा ठरली. याच्या उलट खुद्द फ्रान्सची स्थिति पाहावी. आबे ग्रेग्वार यानें 1794 सालीं राष्ट्रीय सभेपुढें मांडलेल्या अहवालांत निदान 60 लक्ष प्रजाजनांस राष्ट्रभाषा मुळींच येत नाहीं असें नमूद केलें आहे. सारांश, मायदेशांत भाषा एक होण्यापूर्वींच समुद्रापलीकडे ती एक झाली होती.

13 सप्टेंबर 1759 रोजीं क्वेबेकच्या तटाबाहेरील मैदानांत इंग्रज सेनापति वुल्फ आणि फ्रेंच सेनापति माँकाम यांची गांठ पडली. लढाई थोडक्यांत आटोपली. दोघेही सेनापति तींत लागलेल्या जखमांनीं मरण पावले. 1763 च्या पॅरिसच्या तहानें कॅनडा इंग्रजांकडे गेला. त्याच तहानें फ्रान्सला आपल्या देशांतील पाँडिचेरी परत मिळाली, आणि ग्वाडलूप व मार्टिनिक हीं उंसाच्या लागवडीचीं बेटेंही मिळालीं. साखरेच्या व्यापारापुढें कॅनडांतील साठ-सत्तर हजार प्रजाजनांची किंमत फ्रान्सच्या मंत्र्यांस फारशी वाटली नाहीं. बडे अधिकारी व अनेक धनिक व्यापारी मायदेशीं निघून गेले. मागें उरले ते मुख्यत्वें शेतकरी, खेड्यापाड्यांतील पाद्री आणि घरोघरच्या आया. भाषेचा भार आतां यांच्यावर येऊन पडला.

दक्षिणेकडील अमेरिकन वसाहती बिथरत असतांना, 1774 सालीं, इंग्रज सरकारनें कायदा करून क्वेबेकांतील लोकांस आपला रोमन कॅथोलिक धर्म पाळण्याची मोकळीक दिली व फ्रेंच दिवाणी कायदा पुन्हा चालू केला. हें औदार्य सर्वस्वीं निर्हेतुक नव्हतें. पण त्यामुळें चर्च, शेत आणि घर या तीन ठिकाणीं फ्रेंचला आश्रय राहिला. कुटुंबें मोठीं होतीं. लोकसंख्या झपाट्यानें वाढत गेली.

खरी कसोटी मात्र पुढेंच होती. 1837-38 च्या बंडानंतर चौकशीस आलेल्या लॉर्ड डरहॅमनें 1839 च्या आपल्या अहवालांत असा शेरा मारला कीं, या लोकांस ना इतिहास आहे ना वाङ्मय. त्यांनीं इंग्रजांत मिसळून जावें यांतच त्यांचें हित आहे. डरहॅम कांहीं दुष्ट मनुष्य नव्हता. वसाहतींस जबाबदार राज्यपद्धति द्यावी असें सांगणारा तो उदारमतवादी मुत्सद्दी होता, आणि म्हणूनच त्याचा शेरा अधिक झोंबला. शत्रूचा तिरस्कार सोसतां येतो. हितचिंतकाची कींव सोसणें कठीण! 1840 च्या कायद्यानें कायदेमंडळाच्या दप्तरांतून फ्रेंच काढून टाकण्यांत आली.

याला उत्तरें दोन मिळालीं. 1842 सालीं लाफोंतेन कायदेमंडळांत फ्रेंचमध्यें बोलूं लागला असतां त्यास इंग्रजीत बोलण्याविषयीं सुचविण्यांत आलें. त्यानें तें साफ नाकारलें. दुसरें उत्तर गार्नो या, उच्च शिक्षण न लाभलेल्या नोटरीचें. त्यानें कॅनडाचा इतिहास लिहावयास घेतला व 1845 सालीं त्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या ग्रंथानें लोकांस त्यांचा इतिहास मिळालाच. शिवाय तो ग्रंथ हेंच त्यांचें वाङ्मयही ठरलें. 1848 सालीं फ्रेंचवरील बंदी उठली, आणि पुढल्याच वर्षीं गव्हर्नर एल्गिननें कायदेमंडळापुढील आपलें भाषण दोन्ही भाषांत वाचलें.

तथापि घर आणि चर्च यांच्या बळावर भाषा सर्वकाळ तरते असें समजणें भोळेपणाचें होईल. 1840 ते 1930 या अवधींत सुमारें 9 लक्ष फ्रेंच कॅनडियन पोटासाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेले. न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांभोंवतीं त्यांनीं आपलीं चर्चें व शाळा उभारल्या, तरी त्यांच्या वंशजांपैकीं बहुतेकांची भाषा आज इंग्रजी आहे. ऑन्टॅरिओ प्रांतानें 1912 सालीं शाळांतील फ्रेंच शिक्षण पहिल्या दोन वर्षांपुरतें मर्यादित केलें. खुद्द माँट्रियलमध्यें मोठ्या व्यापाराची भाषा इंग्रजीच होती. 1963 सालीं नेमलेल्या रॉयल कमिशनला असें आढळलें कीं, क्वेबेकांत फ्रेंच भाषिकांचें उत्पन्न इतर बहुतेक समाजांहून कमी आहे. आईची भाषा आणि भाकरीची भाषा यांत असें अंतर पडलें म्हणजे हळूहळू आईची भाषा ओशाळी होते.

हें अंतर मिटविण्याचा प्रयत्न 1960 नंतरच्या पिढीनें केला. शिक्षण चर्चच्या हातून सरकारकडे आलें. 1968 सालीं मिशेल त्रांब्ले यानें आपल्या ‘ले बेल-सर’ या नाटकांत माँट्रियलच्या कामकरी वस्तींतील बायकांची रांगडी बोली रंगभूमीवर आणली. शिष्ट दचकले, पण नाट्यगृह भरलें. 1977 च्या कायद्यानें फ्रेंच ही कचेरी, कारखाना व दुकान यांची भाषा झाली, आणि बाहेरून येऊन वसलेल्यांच्या मुलांस बहुतांशीं फ्रेंच शाळा आवश्यक झाल्या. त्यांतील कांहीं कलमें न्यायालयांनीं रद्द ठरविलीं, आणि इंग्रजी भाषिकांस तो जाचक वाटला हेंही खरें. कालचा दुबळा आज बलवान झाला म्हणजे त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा सुरू होते. फ्रेंच वसाहतीपूर्वीं त्या भूमीवर नांदणाऱ्या मूळ रहिवाशांच्या भाषांविषयीं क्वेबेक काय करतो, यावरूनच ती ठरेल असें आम्हांस वाटतें.

20 मार्च 1970 रोजीं नायजरची राजधानी नियामे येथें फ्रेंच भाषिक राष्ट्रांची संस्था स्थापन झाली. तोच दिवस आज जगभर फ्रेंचचा उत्सव म्हणून पाळला जातो. आफ्रिकेंत ती भाषा जेत्यांबरोबर आली, आणि अल्जीरियाचा कातेब यासीन तिला युद्धांत मिळविलेली लूट मानी. क्वेबेकांत ती जितांची म्हणून टिकली. 1755 पासून इंग्रजांनीं अकेडियांतून हजारों फ्रेंच भाषिकांस हद्दपार केलें होतें. त्यांच्या परतीच्या प्रवासावरील कादंबरीबद्दल 1979 सालीं अकेडियन लेखिका आंत्वानिन माये हिला गोंकूर पारितोषिक मिळालें. तें देणारे परीक्षक पॅरिसचेच होते. ज्या प्रजेस राजानें साखरेच्या मोबदल्यांत सोडलें, तिच्याच भाषाभगिनीनें राजधानीस तिची स्वतःची भाषा नव्यानें ऐकविली. भाषेचा वारसा तख्ताकडून चालत येत नाहीं. ती बोलण्यास, लिहिण्यास आणि तिच्यांत पोट भरण्यास जे लाजत नाहींत, तेच तिचे खरे वारस होत.