घरी परत आलेले परमवीर

मागच्या १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर खाऊ वाटता वाटता मुलांना सहज विचारलं, "परमवीरचक्र कुणाला मिळतं रे?" चौथीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "जे लढता लढता जातात त्यांना." बाकीच्यांनी माना डोलावल्या. चूक तिची नाही. आजवर दिलेल्या २१ परमवीरचक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. पण उरलेले सातजण घरी परत आले, आणि त्यांतल्या एकाने शेवटचा श्वास आपल्याच पुण्यात घेतला. स्मरणिकेसाठी कमिटीने लेख मागितला तेव्हा ठरवलं, त्यांच्याविषयीच लिहायचं.

ते म्हणजे मेजर रामा राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. वडील पोलीस खात्यात साधे शिपाई, त्यामुळे सारख्या बदल्या आणि मुलाला दर वेळी नवी शाळा. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आपल्या खडकीच्या 'बॉम्बे सॅपर्स'मध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले, हवालदार झाले. डिसेंबर १९४७ मध्ये ते अधिकारी म्हणून निवडले गेले.

सॅपरचं काम रस्ता करायचं, पूल बांधायचे, सुरुंग काढायचे. सैन्य पुढे जातं ते त्याच्या मागून. राणे यांची परीक्षा एप्रिल १९४८ मध्ये झाली. राजौरी तेव्हा हल्लेखोरांच्या ताब्यात होती, तिथल्या लोकांचे हाल चालले होते. नौशेराहून राजौरीकडे जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने झाडं पाडून आणि सुरुंग पेरून बंद केला होता. ८ एप्रिलला काम सुरू व्हायच्या आतच तोफगोळे पडले. राणे यांच्या तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी. जखमींमध्ये ते स्वतःही होते. पण मागे न जाता त्यांनी उरलेल्यांना गोळा करून काम चालू ठेवलं.

पुढचे तीन दिवस हेच. वरून मशिनगनचा मारा आणि खाली सुरुंग. राणे रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत पुढे जात. चालकाला इशारा द्यायला हातात दोन दोर, एक ओढला की पुढे, दुसरा ओढला की थांब. ९ तारखेला सलग १२ तास, ११ तारखेला १७ तास काम झालं. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोचलं. त्या काश्मीर युद्धात पाच परमवीरचक्रं दिली गेली. त्यांतले हयात दोघेच, राणे आणि करमसिंग.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. राणे परत आले. लग्न झालं, संसार झाला, मुलं झाली. एवढं मोठं पदक छातीवर असताना त्यांनी आणखी २० वर्षं नोकरी केली आणि १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतरही १९७१ पर्यंत सैन्याने त्यांना पुन्हा कामावर घेतलं. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते वारले. राजौरीनंतर त्यांना ४६ वर्षांचं आयुष्य मिळालं.

आज कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे. अंदमानातल्या एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. ते हवंच. पण ज्यांनी शत्रू मारला त्यांच्याइतकंच, दुसऱ्याला जाता यावं म्हणून ज्यांनी रस्ता मोकळा केला त्यांचंही शौर्य मोठं असतं. आणि वीर म्हणवून घ्यायला मरावंच लागतं असं नाही, हेही आपल्या मुलांना कळायला हवं.

आपल्या सोसायटीतही फौजेतून निवृत्त झालेले काका-आजोबा आहेत. सकाळी दूध आणतात, नातवंडांना बसस्टॉपवर सोडतात, टाकी भरली का ते बघतात. स्वतःहून काही सांगत नाहीत. या वर्षी झेंडावंदनाला मुलांनी त्यांच्याजवळ बसावं आणि विचारावं, "आजोबा, तुमची पलटण कुठली?"

विचारायला उशीर करू नका.