प्रकाशाचा कोन : पानमळ्यापासून दिव्याखालच्या शेतीपर्यंत

माहूरच्या रेणुकेला विडा अर्पण होतो आणि कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून भाविकांच्या हाती येतो. ह्या आचाराचे धार्मिक अंग सर्वपरिचित आहे. विड्याचे पान ज्या मळ्यात वाढते, त्याची रचना मात्र निराळ्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बंदिस्त जागेतील वनस्पतीवर प्रकाश कोणत्या दिशेने व किती पसरून पडावा, हा प्रश्न आज एलईडी दिव्यांच्या निमित्ताने चर्चिला जातो. पानमळ्याने तो आपल्या परीने फार पूर्वीच हाताळला होता.

नागवेल ही दमट वनातील छायाप्रिय वेल. मराठवाड्याचे उघडे ऊन तिला सोसत नाही. म्हणून महाराष्ट्रातील पानमळ्यात शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा ही झाडे जवळजवळ लावून वेल त्यांवर चढवितात. शेवरी-हादग्याच्या बारीक पानांतून ऊन झिरपते. त्याचे कवडसे सूर्याबरोबर सरकत राहतात आणि कोणतेही एक पान दीर्घकाळ होरपळत नाही. सावली दाट झाली की फांद्या छाटावयाच्या, हा मळेकऱ्याचा उपाय. वेल फार उंच गेली की तिची ‘उतरण’ करून पाने खुडलेला भाग मातीत पुरतात. बंगालमधील ‘बरोज’ बांबू व तागाच्या काड्यांचे छत आणि भिंती उभारून हेच कार्य साधतो. एकाची छाया जिवंत, दुसऱ्याची बांधीव; हेतू मात्र एकच.

विजेच्या दिव्याचा इतिहास ह्याच्या उलट क्रमाने घडला. १८६१ मध्ये फ्रान्समध्ये एर्व्हे-मांगों ह्याने विद्युत्प्रकाशात रोपांची पाने हिरवी होतात, हे दाखविले. १८८० मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स ह्याने आर्कदिव्याखाली पिके वाढविली. उघड्या दिव्याने पानांना इजा होते व मध्ये काच धरल्यास ती टळते, असे त्यास आढळले. प्रथम प्रश्न प्रकाशाच्या मात्रेचा होता. पुढे रंगाचा आला : १९९१ च्या सुमारास अमेरिकेत तांबड्या डायोडांखाली, निळ्या प्रकाशाची जोड देऊन, लेट्यूस वाढविण्यात आले. दिशेचा प्रश्न ठळक झाला तो त्यानंतर. कारण जुना दिवा चहूकडे प्रकाश फेकीत असे, तर डायोड एकाच बाजूस फेकतो आणि भिंगाने त्याचा झोत आवळता येतो.

झोताच्या मध्यावरील तीव्रता ज्या दोन दिशांना निम्मी होते, त्यांमधील कोनास ‘झोतकोन’ म्हणता येईल. एक मीटर उंचीवरील ६०° च्या दिव्याचे वर्तुळ सुमारे १.१५ मीटर व्यासाचे, तर १२०° च्या दिव्याचे सुमारे ३.४६ मीटर व्यासाचे पडते. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्र नऊपट. तेवढाच प्रकाश स्थूलमानाने नऊपट जागेत वाटला जातो. म्हणून झोतकोन उंचीवाचून ठरविता येत नाही. फळीवरील मेथी-कोथिंबिरीजवळ टांगलेल्या दिव्यास रुंद कोन योग्य. उंच छतावरील दिव्यास अरुंद, अन्यथा प्रकाश भिंतींवर व वाटांवर सांडतो.

परंतु गणित येथे संपत नाही. अरुंद झोत वरूनच आला, तर शेंडा होरपळतो आणि खालची पाने अंधारात राहतात. उभ्या वाढणाऱ्या नागवेलीत तर खुडावयाची पक्व पाने खालच्याच अंगास असतात. तेथे एका प्रखर दिव्यापेक्षा रुंद कोनाचे, परस्परांत मिसळणारे, बाजूंनीही पोहोचणारे अनेक सौम्य दिवे अधिक उचित ठरतात.

झोत, कवडसा, तिरीप हे शब्द मराठीत समानार्थी नाहीत : झोत एकवटलेला, कवडसा छिद्रातून पडलेला, तिरीप तिरकी. प्रकाशाच्या मात्रेइतकेच त्याचे येणे व पसरणे महत्त्वाचे आहे, ही जाण ह्या भेदांत आहे. दिवा निवडताना आधी दिवा न पाहता पान पाहावे, हे तत्त्व पानमळ्याच्या रचनेतूनच निष्पन्न होते.