मोहाचें आसव व मद्याचें जुनेपण

मद्य जितकें जुनें तितकें मोलाचें, ही दृष्टि केवळ युरोपीय होय असा ग्रह आपल्याकडे रूढ आहे. स्पेन देशांतील रिओहा प्रांताचें तांबडें द्राक्षमद्य याचें उत्तम उदाहरण. तें ओक लाकडाच्या २२५ लिटरांच्या पिंपांत मुरवितात. ही रीत बोर्डोहून येऊन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें दृढ झाली. जुनेपणाच्या प्रतवारींतील 'ग्रान रेसेर्वा' ही वरची पायरी गांठण्यास मद्य निदान ५ वर्षें मुरावें लागतें. त्यांपैकीं किमान २ वर्षें पिंपांतलीं असावीं लागतात. पिंपांतील काळ व बाटलींतील काळ तेथें वेगवेगळे मोजतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

हाच विवेक आमच्या वैद्यकग्रंथांत आहे. चरकसंहितेच्या ग्रहणीचिकित्सेंत मधूकासव सांगितलें आहे. मोहाचीं फुलें एक द्रोण, वावडिंग त्याच्या निम्मे, चित्रक वावडिंगाच्या निम्मे, बिब्बे एक आढक व मंजिष्ठ आठ पळें, हीं तीन द्रोण पाण्यांत शिजवून एक द्रोण उरवावीं. निवाल्यावर अर्धा आढक मध घालावा. घट आंतून वेलची, कमळाचें देंठ, अगरु व चंदन यांनीं माखलेला असावा. त्यांत महिनाभर राहिलें म्हणजे आसव सिद्ध होतें. ओकाचें पिंप जसें मद्यास आपला गंध देतें, तसेंच येथें घटाकडून अपेक्षित आहे.

हा महिना सिद्धीचा काळ झाला. परिपाकाचा काळ निराळा, आणि तो शार्ङ्गधरसंहितेंत सांपडतो. चूर्णें, गुटिका, घृतें, तैलें हीं कालांतरानें हीनवीर्य होतात. आसवें, धातु व रस मात्र जुने झाल्यानें गुणवान् होतात, असें शार्ङ्गधराचें मत आहे. जुनें मद्य हलकें व स्रोतसांचें शोधन करणारें, हें चरकासहि मान्य आहे.

आतां यवतमाळकडे वळूं. या जिल्ह्याच्या रानांत मोह विपुल आहे. फाल्गुन-चैत्रांत गोंड व कोलाम कुटुंबें पहांटे फुलें वेंचतात. परंतु त्या फुलांची भट्टीची दारू ताजीच प्याली जाते. तिला मुरविण्याची परंपरा झाली नाहीं. याचें कारण लोकांची अरसिकता असें म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. मुरविण्यास सांठा लागतो, आणि सांठा हाच अबकारीच्या दृष्टीनें गुन्हा होता. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं १८९२ सालीं मोहफुलांवर स्वतंत्र कायदा झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९१५ चा अबकारी कायदा व १९३८ चा दारूबंदी कायदा आला. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यांतहि मोहफुलांवर निर्बंध घातले गेले. घरांत घागर ठेवण्याची जेथें भीति, तेथें ती वर्षानुवर्षें कोण पुरून ठेवील? जुनेपणाचें मोल निर्भय मालकीवांचून रुजत नाहीं, असा आमचा तर्क आहे. वैद्याचा घट मात्र औषध म्हणून टिकला.

हा तर्क खरा कीं खोटा, हें ठरविण्याचें साधन आमच्या वाचकांच्याच हातीं आहे. वैद्यकाचें बाड हातीं आलें म्हणजे आपण शक व लेखकाचें नांव शोधतों, आणि समासांतील 'घट', 'भूमींत पुरणें', 'इतके दिवस' अशा नोंदी क्षुल्लक म्हणून सोडून देतों. वस्तुतः भांडें कोणतें, ठेवण कोठें, सिद्धि किती दिवसांनीं व वापर किती वर्षांनीं, या चार गोष्टी नकलून घेतल्या तर परिपाकाची परंपरा आमच्या भागांत प्रत्यक्ष किती पाळली गेली हें कळेल. वऱ्हाडांतील खेडोपाडीं असलेलीं असलीं बाडें वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं संग्राहकांनीं एवढें केलें, तर या प्रश्नाचा निकाल अनुमानावर सोडावा लागणार नाहीं.