खोलीचा आवाज

पुण्यातल्या आमच्या घराखाली एक तळघर आहे. बारा फूट लांब, बारा फूट रुंद, आठ फूट उंच. वडिलांनी ते धान्याच्या कणग्यांसाठी बांधले, पुढे तिथे अडगळ साठली. चार वर्षांपूर्वी मी ती अडगळ हलवली ती एका वेगळ्याच हेतूने. मला आईच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. आई तेव्हा ८१ वर्षांची होती. "नुसती बसून म्हण" असे म्हटले तर तिला चार ओव्यांपुढे काही आठवत नसे, आणि जात्याचा खुंटा हातात आला की एकातून दुसरी निघत राही. म्हणजे आईबरोबर जातेही तळघरात न्यायला हवे होते.

ऐकीव माहितीवर भरवसा ठेवून मी चारही भिंतींना आणि छताला एक इंची फोम चिकटवला. आई खाली आली, दोन ओव्या म्हणाली आणि थांबली. "इथं माझाच आवाज मला येईना रे," म्हणाली. मुद्रण ऐकले तर रजईत तोंड घालून कोणी गावे तसे शब्द आणि त्यांवर जात्याची फुगलेली घरघर. या फजितीमुळे मी एका इतिहासाकडे वळलो. तो आहे ध्वनिमुद्रणाच्या खोलीचा.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते स्टुडिओत नव्हे. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यातल्या हॉटेलच्या खोलीत गौहरजानचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरवला. खोलीच्या नादगुणांची चिंता त्याला फारशी करावी लागली नाही, कारण गाणारी व्यक्ती थेट भोंग्यात तोंड घालून गात असे. भोंगा इतका बहिरा होता की भिंतीवरून परतणारा क्षीण ध्वनी त्याच्यापर्यंत पोचतच नसे. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि भोंग्याच्या जागी मायक्रोफोन उभा राहिला. मायक्रोफोन गायकाबरोबर खोलीही ऐकतो. त्या दिवसापासून खोली हे मुद्रणातले एक वाद्यच झाले.

या वाद्याचे शास्त्र मात्र त्याआधीच तयार होते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातले नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले. उच्चारलेला शब्द तिथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर वक्ता पुढच्या वाक्यात असे. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकावर सोपवले. सॅबिन रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची नळी वाजवी आणि आवाज विरेपर्यंतचा काळ घड्याळावर मोजी. सकाळपूर्वी गाद्या पुन्हा जागेवर. स्वतःच्या कपड्यांतला फरकही मापनात उतरतो हे कळल्यावर त्याने जुनी हजारो निरीक्षणे टाकून दिली आणि पुढे नेमका एकच पोशाख घालून मोजमाप केले.

१८९८ मध्ये सूत्र हाती आले. खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांबतो आणि शोषण जितके अधिक तितका तो आखडतो. मीटरमध्ये मोजले तर घनफळाला ०.१६१ ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. १९०० मध्ये उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलची आखणी याच शास्त्रावर झाली.

पण निनाद घटवायचा म्हणून तो मारूनच टाकायचा का? माझी चूक बीबीसीनेही केली होती, हे वाचून मला थोडा धीर आला. १९२३ पासून लंडनच्या सॅव्हॉय हिलमधले स्टुडिओ जाड पडद्यांनी मढवलेले होते. बोलणे स्वच्छ येई, पण वादकांचा जीव गुदमरे. भिंत काहीच परत देत नसेल तर कलावंताला आपला सूर तपासता येत नाही. नंतर ते पडदे कमी करावे लागले. आई दोन ओव्यांनंतर थांबली त्याचे कारण हेच होते.

जात्याच्या घरघरीचे कारण वेगळे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींत ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, ती तिथे फुगते. बारा फुटांसाठी ही कंपनसंख्या सुमारे ४७ येते. माझ्या तळघरात लांबी-रुंदी सारखी, म्हणून हा फुगवटा दुहेरी. त्यात बाराची तिप्पट कंपने आणि आठ फूट उंचीची दुप्पट कंपने दोन्ही १४१ च्या आसपास एकावर एक पडतात. ४७ कंपनांच्या लहरीची लांबी सात मीटरांहून जास्त, तिला एक इंचाचा फोम काय अडवणार? फोमने गिळली ती आईची व्यंजने, आणि घरघर तशीच राहिली.

यावरचा उपाय जुनाच आहे. १९४६ मध्ये रिचर्ड बोल्ट यांनी चौकोनी खोल्यांची योग्य प्रमाणे मांडली. १९६५ मध्ये सेपमायर यांनी दिलेले एक प्रमाण १ : १.१४ : १.३९ असे आहे. आठ फूट उंचीला ते सुमारे ९.१ आणि ११.१ फूट होते. मी जिप्समच्या दुहेरी फळ्यांची, आत पोकळी ठेवून, भिंतीत भिंत उभी केली. एका बाजूचे तीन फूट कपाटाला गेले, दुसरीकडचे जेमतेम फूटभर. शेजारच्या पाण्याच्या पंपाचा आवाजही त्यामुळे बराच कमी झाला. फोमने तो कधीच थांबला नसता, कारण आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. फोम काढला, कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड थर भरले, एका भिंतीला पुस्तके लावली आणि आईच्या पायाखालची शहाबादी फरशी उघडीच ठेवली.

घरातला स्टुडिओ म्हणजे कमअस्सल, असा समज इतिहासात टिकत नाही. दिवसा चष्म्याचे नंबर काढणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरने न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत, शेजारी काचेआड नियंत्रण-कक्ष ठेवून, १९५९ पर्यंत जॅझची कितीतरी थोर मुद्रणे केली. थेलोनियस मंकच्या एका रचनेचे नावच 'हॅकेन्सॅक' आहे. १९६७ मध्ये बॉब डिलन आणि पुढे 'द बँड' म्हणून ओळखले गेलेले त्याचे साथीदार न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुलाबी घराच्या तळघरात वाजवत होते. सिमेंटच्या भिंती, लोखंडी भट्टी, शास्त्राने टाळावी अशीच ती जागा. रॉबी रॉबर्टसनने नंतर सांगितले की मोठ्याने वाजवले तर तिथे कान किटत, म्हणून सगळे जवळजवळ बसत, आणि गाणे ऐकू आले नाही तर आपण जास्त जोरात वाजवतो आहोत असे समजत.

मला शेवटचा धडा तिथे मिळाला. इतकी वर्षे हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्यासारखे संग्राहक गावोगावच्या घरांतूनच ओव्या टिपत आले. त्यांच्या उपक्रमातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, तेही स्टुडिओ न बांधता. मीही मायक्रोफोन आईच्या तोंडाजवळ आणला, जात्यापासून दूर वळवला आणि जात्याखाली घोंगडी दुमडून घातली. दाणे मूठभरच घातले.

दुसऱ्या खेपेला आई पाऊण तास गायली. मधे एकदाच थांबली, दळण संपले म्हणून. मुद्रणात तिचा श्वास ऐकू येतो आणि जाते मागे बारीक फिरत राहते. त्यानंतर तिचे गुडघे जिना उतरू देईनात. पहिल्या खेपेत फोम लावण्यात माझे चार महिने गेले होते. त्या चार महिन्यांत तिच्या हातून आणखी किती दळण झाले असते, याचा हिशेब सॅबिनच्या सूत्राने निघत नाही.