१ जानेवारी आणि २० मार्चच्या मधलं एक भाषण

१ जानेवारीला कोरेगाव भीमाला गेलात तर मानवंदना देऊन लोक थेट पुस्तकांच्या स्टॉलकडे वळताना दिसतील. (विजयस्तंभ खरं तर नदीच्या अलीकडे, पेरणे गावाच्या हद्दीत आहे, प्रबंधात लिहिताना जपा.) १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब इथे आले होते, हे तुम्हाला माहीत असतं. २० मार्चचं महाडही पाठ असतं. मधल्या १२ मार्चकडे मात्र आपण फारसं बघत नाही.

त्या दिवशी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती. सभासद म्हणून नुकतीच नेमणूक झालेले आंबेडकर आकडे घेऊन उभे राहिले. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. मग कॉलेजचा वर्गवार हिशेब. दोन लाखांमागे पुढारलेले हिंदू १०००, मुसलमान ५२, मधले वर्ग १४ आणि मागासवर्ग शून्य, फार तर एक.

इथे जरा थांबा. त्यांनी नुसती सरासरी दिली असती तर हा शून्य दिसलाच नसता. उपायही त्यांनी तिथेच सांगितला: सगळ्यांना एका पातळीवर आणायचं तर असमानतेचंच तत्त्व वापरावं लागेल, जे खाली आहेत त्यांना झुकतं माप द्यावं लागेल. ‘इक्विटी’ हा शब्द आज आपण कार्यशाळेत परदेशातून आलेला म्हणून ऐकतो, तेव्हा मला हे पान आठवतं.

पुढे त्यांनी स्वतःच संस्था उभ्या केल्या. १९४५मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. त्याचे पहिले प्राचार्य संस्कृतचे पंडित अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर. ही निवड मला फार बोलकी वाटते. १९५०मध्ये औरंगाबादेत सुरू झालेल्या कॉलेजाला नंतर ‘मिलिंद’ नाव मिळालं. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. उत्तर देणाऱ्याचं नव्हे, विचारणाऱ्याचं नाव कॉलेजाला!

ते भाषण शासनाने छापलेल्या ‘लेखन आणि भाषणे’च्या दुसऱ्या खंडात आहे. इंग्रजी सोपं आहे, मुळातूनच वाचा. मग तुमच्या विभागात पीएचडीला नाव नोंदवलेल्यांपैकी प्रबंध किती जणांनी सादर केला, ते वर्गवार मागून बघा. मी एका ठिकाणी मागितलं होतं. मला एकूण आकडा मिळाला.