सल्ला सदर

सल्ला सदर म्हणजे वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात ठरावीक काळाने प्रसिद्ध होणारे प्रश्नोत्तरांचे सदर होय. यात वाचक आपल्या दैनंदिन जीवनातील अडचणी पत्राने कळवतात आणि त्यांच्याशी कोणताही पूर्वपरिचय नसलेला सदरकार त्यांना छापील उत्तर देतो. विवाह, घरातील कलह, अपत्यांचे संगोपन, नोकरी, शेजारसंबंध, मालमत्ता, आरोग्य व लैंगिक जीवन हे अशा सदरांचे नेहमीचे विषय आहेत. प्रश्नकर्त्याचे नाव गुप्त ठेवणे आणि उत्तर मात्र सर्वांसाठी जाहीर करणे, ही या लेखनप्रकाराची दोन मुख्य लक्षणे मानली जातात. पहिल्या लक्षणामुळे घरात किंवा गावात उच्चारता न येणारा प्रश्न विचारणे शक्य झाले. दुसऱ्यामुळे तो प्रश्न मनात असूनही पत्र न लिहिलेल्या असंख्य वाचकांपर्यंत उत्तर पोहोचले. जाहीर उत्तरांमुळेच या सदरांवर अश्लीलतेचे आरोपही झाले. मराठीत याचे सर्वाधिक परिचित उदाहरण र. धों. कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य या मासिकाचे आहे.

संज्ञा

मराठीत या प्रकारासाठी 'वाचकांचे प्रश्न', 'प्रश्नोत्तरे', 'सल्ला' अशी निरनिराळी शीर्षके वापरली जातात. सल्ला देणारी व्यक्ती स्त्री असल्यास तिला 'ताई' किंवा 'मावशी' म्हणून संबोधण्याची रीत आहे. ब्रिटनमध्ये अशा लेखिकेला 'ॲगनी आंट' म्हणतात. त्याचा अर्थ व्यथा ऐकून घेणारी मावशी किंवा आत्या असा होतो. अनोळखी सल्लागाराला नात्याचे नाव देण्याची ही प्रवृत्ती अनेक भाषांत आढळते. नात्यामुळे विश्वास वाटतो, आणि ते नाते प्रत्यक्षातले नसल्यामुळे संकोच राहत नाही.

स्वरूप आणि कार्यपद्धती

वाचकाच्या पत्रातून संपादक किंवा सदरकार छापण्याजोगी पत्रे निवडतो. पत्र संक्षिप्त केले जाते, त्यातील ओळख पटेल असा तपशील वगळला जातो आणि खाली आद्याक्षरे, टोपणनाव किंवा 'एक वाचक' एवढाच उल्लेख ठेवला जातो. उत्तर सहसा थोडक्यात असते. काही सदरांत एकच लेखक सर्व विषयांवर लिहितो, तर काहींत कायदा, वैद्यक, अर्थव्यवहार, शेती यांसाठी वेगवेगळे तज्ज्ञ असतात. आलेल्या पत्रांपैकी फारच थोडी छापली जातात. त्यामुळे अनेक नियतकालिकांनी उर्वरित पत्रांना खासगी उत्तरे देण्याची व्यवस्था ठेवली होती. त्यासाठी वाचकाने स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट सोबत पाठवावे, अशी अपेक्षा असे.

इतिहास

इंग्लंड

या प्रकाराचा आरंभ सामान्यतः लंडनमधील पुस्तकविक्रेता व प्रकाशक जॉन डंटन याने मार्च १६९१ मध्ये सुरू केलेल्या 'द अथेनियन मर्क्युरी' या पत्रापासून मानला जातो. हे पत्र १६९७ पर्यंत चालले. डंटनने आपल्या लेखकमंडळाला 'अथेनियन सोसायटी' असे भारदस्त नाव दिले होते. प्रत्यक्षात त्यात तो स्वतः, गणितज्ञ रिचर्ड सॉल्ट, धर्मोपदेशक सॅम्युएल वेस्ली असे मोजकेच लोक होते. वाचकांनी आपले प्रश्न लंडनमधील स्मिथच्या कॉफीगृहाच्या पत्त्यावर पाठवायचे, असा नियम होता. लंडन शहरात एका पेनीत पत्र पोहोचवणारी टपालसेवा १६८० मध्ये सुरू झाली होती. स्वस्त टपाल, कॉफीगृहांतील सामूहिक वाचन आणि नाव न देण्याची मुभा या तिन्ही गोष्टी पत्राच्या यशाला कारणीभूत ठरल्या.

विचारले जाणारे प्रश्न विविध होते. निसर्गातील घटनांची कारणे, बायबलमधील शंका आणि प्रेम-विवाहातील पेच हे सर्व एकाच अंकात येत. स्त्रियांच्या प्रश्नांची संख्या वाढल्यावर त्यांच्यासाठी स्वतंत्र अंक ठेवले गेले. १६९३ मध्ये केवळ स्त्रियांसाठी 'द लेडीज मर्क्युरी' हे पत्रही निघाले. मात्र त्याचे चारच अंक प्रसिद्ध झाले. इतिहासकार हेलन बेरी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अथेनियन मर्क्युरीचा सविस्तर अभ्यास केला आहे.

विसाव्या शतकात 'डेली मिरर' या दैनिकातील मार्जरी प्रूप्स आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या क्लेअर रेनर या ब्रिटनमधील प्रसिद्ध सदरकार होत्या.

अमेरिका

अमेरिकेत एलिझाबेथ मेरीवेदर गिल्मर (१८६१–१९५१) यांनी 'डोरोथी डिक्स' या टोपणनावाने न्यू ऑर्लिन्स येथील 'पिकायून' या दैनिकातून १८९६ पासून लेखन सुरू केले. पुढे त्यांचे सदर अनेक देशांतील वृत्तपत्रांत छापले जाऊ लागले. १८९८ मध्ये मेरी मॅनिंग यांनी न्यू यॉर्कमध्ये 'बिअॅट्रिस फेअरफॅक्स' या नावाने असेच सदर चालू केले.

स्थलांतरितांच्या संदर्भात 'अ बिंटेल ब्रीफ' या सदराला विशेष महत्त्व आहे. या यिडिश नावाचा अर्थ 'पत्रांची जुडी' असा आहे. न्यू यॉर्कमधील 'फोरव्हर्ट्स' या यिडिश दैनिकात संपादक अब्राहम कहान यांनी ते जानेवारी १९०६ मध्ये सुरू केले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कामगारांना सल्ला विचारण्यासाठी ओळखीची वडीलधारी माणसे जवळ नव्हती. धर्माबाहेर विवाह करावा का, मायदेशी राहिलेल्या आईवडिलांना किती पैसे पाठवावेत, संपात सामील व्हावे का, कुटुंब सोडून गेलेल्या नवऱ्याचा शोध कसा घ्यावा, असे प्रश्न या सदरात येत. नव्या देशात कसे वागावे हे शिकवणारी शाळा, असेही या सदराचे वर्णन करता येते.

१९५५ मध्ये एस्थर लेडरर यांनी 'शिकागो सन-टाइम्स'मधील 'ॲन लँडर्स' हे आधीपासून चालू असलेले सदर हाती घेतले आणि २००२ मधील मृत्यूपर्यंत चालवले. या कामासाठी झालेल्या चाचणीत एक प्रश्न असा होता: शेजाऱ्याच्या अक्रोडाच्या झाडाची फळे आपल्या अंगणात पडली तर ती कोणाची? लेडरर यांनी आपल्या परिचयाचे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनाच हा प्रश्न विचारून उत्तर लिहिले, असे सांगितले जाते. किरकोळ वाटणाऱ्या अडचणीसाठीही जाणकाराचे मत घेण्याची त्यांची पद्धत पुढे कायम राहिली. त्यांच्या जुळ्या बहिणीने, पॉलीन फिलिप्स यांनी, १९५६ मध्ये 'डिअर ॲबी' हे स्वतंत्र सदर सुरू केले. १९७१ मध्ये लेडरर यांच्या आवाहनावरून वाचकांनी कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी प्रचंड संख्येने पत्रे वॉशिंग्टनला पाठवली. त्याच वर्षाच्या अखेरीस यासंबंधीचा राष्ट्रीय कायदा मंजूर झाला.

जपान

जपानमधील 'योमिउरी शिम्बुन' या दैनिकात १९१४ मध्ये असे सदर सुरू झाले. सध्या ते 'जिन्सेइ आन्नाइ' म्हणजे 'जीवनाचे मार्गदर्शन' या नावाने ओळखले जाते आणि जगातील दीर्घायुषी सल्ला सदरांत त्याची गणना होते.

महाराष्ट्र

पारंपरिक समाजात घरातील वडीलधारी मंडळी, भाऊबंद, गावची चावडी, पाणवठा व वैद्य ही सल्ला मिळण्याची ठिकाणे होती. या सर्व ठिकाणी विचारणारा कोण हे सर्वांना ठाऊक असे. त्यामुळे गुप्तरोग, गर्भधारणा, वैवाहिक असमाधान यांसारख्या विषयांवर प्रश्न विचारणे म्हणजे अब्रू धोक्यात घालणे होते.

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक काढले. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र आणि गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. समाजस्वास्थ्यमध्ये लैंगिक आरोग्य, संततिनियमन व स्त्री-पुरुष संबंध यांविषयीच्या लेखांबरोबर वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. ही उत्तरे उपदेशपर नसून माहितीपर असत. पाप-पुण्याची चर्चा टाळून शरीरशास्त्राच्या आधारे लिहिणे हा त्यांचा विशेष होता.

या लेखनामुळे कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी १९३४ मधील खटला वाचकांच्या प्रश्नांना छापलेल्या उत्तरांवरून होता. कर्वे यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी काम चालवले. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्यावरूनच अश्लील ठरत नाही, आणि वाचकांनी मोकळेपणाने शंका विचारल्यास त्यांचे शास्त्रीय निरसन करणे हे मासिकाचे कामच आहे, असा बचावाचा रोख होता. प्रश्न विकृत वाटत असले तरी विकृती ज्ञानानेच दूर होऊ शकते, हाही युक्तिवादाचा एक भाग होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. तरीही मासिक बंद पडले नाही. कर्वे यांनी ते १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवले. सल्ला सदरांच्या इतिहासात हा खटला महत्त्वाचा आहे, कारण त्यात वादाचा विषय एखादी कथा किंवा चित्र नसून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हाच होता.

मुंबईतच पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. महिंदर वत्स (१९२४–२०२०) यांनी हीच दिशा इंग्रजी वृत्तपत्रातून चालू ठेवली. 'मुंबई मिरर' या दैनिकात २००५ पासून ते लैंगिक समस्यांवर रोज उत्तरे देत. त्यांची उत्तरे एक-दोन वाक्यांची, मिश्किल व भीती घालवणारी असत. त्यांच्या सदराविरुद्धही अश्लीलतेच्या तक्रारी झाल्या.

अनोळखी व्यक्तीला विचारण्याची कारणे

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये परक्या माणसाविषयी लिहिताना नोंदवले की, जवळच्या माणसांपासून काळजीपूर्वक लपवलेल्या गोष्टी लोक परक्यापाशी उघड करतात. परक्याचा घरातील हितसंबंधांशी संबंध नसतो, त्यामुळे तो अधिक तटस्थ मानला जातो. सासू-सुनेच्या वादात नातेवाईक कोणत्या तरी एका बाजूचा असतो. सदरकार कोणाचाच नसतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मधील निबंधात दूरच्या ओळखींचे महत्त्व मांडले. जवळच्या माणसांकडे बहुधा आपल्याकडे असते तीच माहिती असते. नवी माहिती विरळ संबंधांतून येते. हा निबंध सल्ला सदरांविषयी नाही. तथापि व्यावहारिक अडचणीत वर्तुळाबाहेरचा माणूस अधिक उपयोगी का ठरतो, हे समजण्यास त्याचे साहाय्य होते.

याखेरीज, आपल्यासारखाच प्रश्न दुसऱ्याने विचारलेला वाचल्यावर ती अडचण आपल्या एकट्याची नाही हे वाचकाच्या लक्षात येते. पत्र न लिहिणाऱ्या वाचकालाही सदराचा हा लाभ होतो.

टीका आणि मर्यादा

सल्ला सदराची मुख्य मर्यादा म्हणजे सदरकारासमोर एकाच बाजूचे, तेही संक्षिप्त केलेले कथन असते. दुसऱ्या पक्षाला प्रश्न विचारता येत नाही, रुग्ण तपासता येत नाही, दस्तऐवज पाहता येत नाहीत. जमिनीच्या वाटपाचा प्रश्न सातबारा उतारा न पाहता, किंवा दीर्घ आजाराचा प्रश्न तपासणीवाचून सुटणे अवघड असते. म्हणून जबाबदार सदरकार काही प्रश्नांना उत्तर न देता डॉक्टर, वकील किंवा पोलीस यांच्याकडे जाण्यास सांगतात. घरगुती हिंसा किंवा आत्महत्येचा विचार व्यक्त करणाऱ्या पत्रांबाबत छापील उत्तर पोहोचेपर्यंत उशीर होण्याचा धोका असतो.

दुसरा आक्षेप प्रचलित रूढींच्या समर्थनाचा आहे. अनेक सदरांनी दीर्घकाळ स्त्रियांना 'सांभाळून घ्या' असाच सल्ला दिला. पत्रे खरी असतात की संपादकीय कचेरीत रचली जातात, हा संशयही जुना आहे.

वाचकांच्या पत्रांवरून समाजाविषयी निष्कर्ष काढता येत नाहीत, याचे एक उदाहरण संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिले जाते. १९७० च्या दशकात ॲन लँडर्सने 'पुन्हा संधी मिळाली तर मुले होऊ द्याल का' असे वाचकांना विचारले. सुमारे १०,००० उत्तरांपैकी ७० टक्के नकारार्थी होती. 'न्यूजडे' या दैनिकाने यादृच्छिक नमुना घेऊन हाच प्रश्न विचारला, तेव्हा ९१ टक्के पालकांनी होकार दिला. पत्र लिहिण्याचे कष्ट प्रामुख्याने असमाधानी माणसे घेतात, हे या फरकाचे कारण मानले जाते.

दूरध्वनीवरील सल्ला

तातडीच्या प्रसंगी पत्राची मर्यादा दूरध्वनी सेवांनी काही अंशी दूर केली. १९५३ मध्ये चाड वारा या धर्मोपदेशकाने लंडनमध्ये 'समॅरिटन्स' ही संस्था सुरू केली. तेथील स्वयंसेवक आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्या अनोळखी व्यक्तींचे म्हणणे ऐकून घेतात. उपदेशापेक्षा ऐकण्यावर त्यांचा भर असतो. भारतात जानेवारी २००४ मध्ये केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. त्याद्वारे पीक, कीड, खते व हवामान यांविषयी शेतकऱ्यांना मराठीसह अनेक भाषांत निःशुल्क सल्ला मिळतो. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

साहित्य, नाटक व चित्रपट

नॅथॅनिएल वेस्ट यांच्या 'मिस लोनलीहार्ट्स' (१९३३) या कादंबरीत वाचकांच्या दुःखाचा भार असह्य झालेला पुरुष सदरकार केंद्रस्थानी आहे. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या २०१२ मधील कादंबरीत एक वृद्ध दुकानदार शटरमधून टाकलेल्या निनावी पत्रांना उत्तरे देतो. र. धों. कर्वे यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट केला. अजित दळवी लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित 'समाजस्वास्थ्य' या नाटकात कर्वे यांच्यावरील खटल्यांचे चित्रण आहे. डॉ. वत्स यांच्यावर वैशाली सिन्हा यांनी 'आस्क द सेक्सपर्ट' (२०१७) हा माहितीपट बनवला.

हे सुद्धा पहा

र. धों. कर्वे
समाजस्वास्थ्य (मासिक)
समुपदेशन
लैंगिक शिक्षण